हुकमाचं मांजर

घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसाला हुकूम सोडायला कोणी नसतं. त्याचा अख्खा दिवस आज्ञा ऐकण्यात जातो. ऊठ. दात घास. दूध पी. दुधाकडे बघत बसू नकोस, पी. मोजे कुठे टाकलेस ते तूच शोध. रिक्षावाले काका हॉर्न देतायत, पळ. शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट. संध्याकाळी ‘हातपाय धू’पासून रात्री ‘आता एक शब्द नको’पर्यंत सगळा कारभार आज्ञार्थी. आजी आईला सांगते, आई बाबांना सांगते, बाबा ऑफिसात कोणाला तरी सांगत असावेत असा घरच्यांचा प्रेमळ समज असतो. दुसरी-तिसरीतल्या पोरानं सांगायचं कोणाला? धाकटं भावंड असलं तर थोडीफार सोय होते, पण ते ऐकेलच असं नाही, आणि रडलं की केस उलटी अंगावर येते.

अशा जिवाच्या पुढ्यात एक दिवस पडद्यावर नारिंगी मांजर येतं आणि सांगावं तसं वागतं. शहाणी माणसं याला कोडिंग म्हणतात आणि त्यावर फार गंभीर बोलतात. मला त्यातली मोठी गोष्ट एवढीच दिसते, की आयुष्यात पहिल्यांदाच त्या पोराच्या हाताखाली कोणीतरी आलेलं असतं.

हे मांजर ‘स्क्रॅच’चं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटाने २००७ साली ते मुलांसाठी खुलं केलं. यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे असतात, ते माऊसने ओढायचे आणि एकाखाली एक अडकवायचे. जे ठोकळे एकमेकांत बसत नाहीत ते बसतच नाहीत, त्यामुळे व्याकरणाच्या चुका करण्याची सोयच ठेवलेली नाही. शाळेतल्या मराठीच्या बाईंना ही कल्पना फार आवडली. ‘निबंधाच्या वहीत असं काही करता येईल का?’ असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

मी सगळी नोकरी बँकेत काढलेला माणूस. निवृत्तीनंतर शनिवारी जवळच्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर हे मांजर हाकायला जातो. मुलं मला ‘मांजरवाले आजोबा’ म्हणतात. बँकेत मिळालेल्या कुठल्याही हुद्द्यापेक्षा हा बरा आहे.

संगणक कमी, मुलं जास्त, म्हणून एका यंत्रापुढे तिघं बसतात. या तिघांची घटना ठरलेली आहे. एकाच्या हातात माऊस. दुसरी पडद्यावर बोट टेकवून ‘इथे, इथे, अरे इथे’ करणारी. तिसरा माझ्याकडे तक्रार घेऊन येणारा. दर दहा मिनिटांनी खातेपालट करायचं असा नियम मी केला आहे आणि तो कोणीही पाळत नाही. पण एक गंमत बघतो, की ज्याच्या हातात माऊस असतो त्याचं डोकं सहसा बंद असतं. खरं काम बोटवाली करते. तक्रारवाला ते सगळं आधीपासून बघत असल्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं. मोठ्या कचेऱ्यांमध्येही कामाची वाटणी साधारण अशीच असते.

ठोकळ्यांवरची अक्षरं आमच्याकडे इंग्रजीत असतात. त्याचं मला सुरुवातीला टेन्शन होतं, मुलांना अजिबात नव्हतं. त्यांनी पहिल्याच तासाला सगळ्याचं बारसं उरकलं. चालवणारा तो ‘निळा दहावाला’, कारण त्यावर दहा पावलं असं लिहून येतं. बोलणारा तो ‘जांभळा’. मांजर म्याव करतं तो ‘गुलाबी’. सुरुवातीला लागणारा ‘झेंडावाला’. आणि एकच गोष्ट परत परत करायला लावणारे जे नारिंगी ठोकळे असतात, त्यांचा आकार उघड्या तोंडासारखा असल्यामुळे ते ‘जबडे’. ‘आजोबा, जबड्यात काय काय टाकू?’ हा प्रश्न आमच्या वर्गात अगदी सभ्य समजला जातो.

मांजर पहिल्यांदा दहा पावलं चालतं तेव्हा मुलांची निराशा होते. पडद्यावर ती दहा पावलं म्हणजे जेमतेम नखभर अंतर. मग तिसरीतला एखादा धाडसी गृहस्थ दहाच्या जागी हजार लिहितो. मांजर क्षणात उजव्या काठाला जाऊन अडकतं आणि नारिंगी शेपटीचं टोक तेवढं दिसत राहतं. सगळा वर्ग गोळा होतो. ‘गेलं!’ ‘नाही गेलं, शेपूट आहे!’ ‘शेपूट धरून ओढ!’ आता त्याला परत आणायचं तर ते कुठे आहे हे सांगता यायला हवं. पडद्याच्या मधोमध शून्य. तिथून उजवीकडे दोनशे चाळीसपर्यंत, डावीकडेही तितकंच, पण उणे. वर एकशे ऐंशी, खाली उणे एकशे ऐंशी. आपल्या पाठ्यपुस्तकात ऋण संख्या यायला सहावी उजाडते. इथे तिसरीतलं पोर ‘माझं मांजर मायनसमध्ये गेलं’ असं सहज सांगतं आणि त्याला अधिकाची वाट दाखवून मोकळं होतं. मायनसमध्ये जाणं म्हणजे काय, हे आमच्या काही खातेदारांना ओव्हरड्राफ्टचं व्याज भरेपर्यंत कळलं नव्हतं.

काठावर अडकू नये म्हणून एक ठोकळा असतो: काठ लागला की उलट फिर. तो लावला की मांजर काठाला आपटतं, वळतं आणि परत येताना डोकं खाली, पाय वर असं चालत येतं. छताला चिकटलेल्या पालीसारखं. अर्ध्या वर्तुळात वळल्यावर दुसरं काय होणार! हे दृश्य बघून झालेला हशा शेजारच्या वर्गातल्या बाईंना दरवाजात घेऊन येतो. ते सरळ करण्याचा उपाय तिथेच आहे: मांजराने फक्त डावी-उजवीकडे तोंड करावं, गोल फिरू नये, असं एका ठिकाणी सांगता येतं. मी तो उपाय दाखवतो. मुलं तो नीट समजून घेतात, मान डोलावतात आणि वापरत नाहीत. सरळ चालणारी मांजरं त्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

सांगकाम्याचा त्रास हाच, की तो सांगितलं तेवढंच करतो. हे मुलांना कळावं म्हणून मोठी माणसं चहाचं उदाहरण देतात. पाणी घ्या, साखर घाला, उकळू द्या. बघा, हाच अल्गोरिदम! मी ते एकदा वापरून सोडून दिलं. चौथीपर्यंतच्या मुलांना गॅसजवळ फिरकायची बंदी असते. चहा कसा होतो हे त्यांनी पाहिलेलं नसतं, तो संपल्यावर कप विसळताना फक्त पाहिलेला असतो. त्याऐवजी मी एकाला यंत्र करतो आणि दुसऱ्याला मालक. मालकाने यंत्राला बाकापासून दारापर्यंत न्यायचं. ‘चाल’ म्हटलं की यंत्र चालायला लागतं, भिंतीला नाक लागलं तरी पाय हलवत राहतं. ‘अरे थांब की!’ ‘तू थांब म्हणालाच नव्हतास.’ यंत्र व्हायला मुलांची रांग लागते. सांगितलं तेवढंच करून समोरच्याला जेरीस आणणं ही कला त्यांना घरच्या सरावाने चांगली अवगत असते. मालक व्हायला मात्र दुसऱ्या खेपेला कोणी तयार होत नाही. हुकूम सोडणं दिसतं तितकं सोपं नाही, हे कळून घामाघूम झालेले मालक मी पाहिले आहेत. बाईंनाही त्या दिवशी त्यांच्याबद्दल जरा सहानुभूती वाटली, आणि मुलांना बाईंबद्दल.

नारिंगी जबड्यांपैकी एक कायमचा असतो. त्यात टाकलेलं काम अखंड चालू राहतं. तो समजावायला मी भुताची गोष्ट सांगतो, ती बहुतेकांच्या आजीला ठाऊक असते. एका माणसाला भूत प्रसन्न होतं. अट एकच: मला सतत काम दे, काम संपलं की तुला खाईन. विहीर खणून होते, वाडा बांधून होतो, शेत नांगरून होतं, आणि भूत परत दारात उभं. शेवटी तो माणूस अंगणात उंच खांब रोवतो आणि म्हणतो, मी थांब म्हणेपर्यंत यावर चढ आणि उतर. माणूस सुटतो. इथे मोठी माणसं हसतात, कारण त्यांच्यासाठी गोष्ट संपलेली असते. मुलांची तिथून पुढे सुरू होते.

‘म्हणजे भूत अजून चढतंय?’

‘चढत असणार.’

‘आणि तो माणूस?’

‘तो म्हातारा होऊन गेला असेल.’

‘मग आता त्याला थांब कोण म्हणणार?’

संगणकशास्त्रात डोकी शिणवलेल्या माणसांनी हा प्रश्न फार जड भाषेत विचारलेला आहे. आमच्या वर्गात तो मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी आला. मी स्क्रॅचमधलं लाल अष्टकोनी बटण दाखवलं आणि सांगितलं, भुताकडे हे नव्हतं. त्या पोराने बराच वेळ त्या बटणाकडे बघितलं. त्याला खांबावरच्या भुताचं वाईट वाटत होतं.

पण मला जिच्याबद्दल खरं लिहायचं आहे ती गोष्ट त्रिकोणाची. मांजराच्या मागे पेन लावता येतं, म्हणजे ते चालेल तशी रेघ उमटते. चौकोन सगळ्यांनी काढला: शंभर पावलं चाल, नव्वद अंशांत वळ, असं चारदा. मग मी म्हटलं, आता तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढा. चौथीत एक दोन वेण्यांची मुलगी आहे. तिची ताई सातवीत असल्यामुळे जगातलं बरंच काही हिला आधीच माहीत असतं. अशा त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हे तिने मला ऐकवलं. तिने जबड्यावर तीन लिहिलं, आत शंभर पावलं आणि साठ अंश टाकले आणि हिरवा झेंडा दाबला. मांजर गेलं, वळलं, गेलं, वळलं, गेलं आणि थांबलं. तीन रेघा उमटल्या खऱ्या, पण पहिली आणि तिसरी एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत. कलंडलेल्या वाटीसारखं काहीतरी.

‘आजोबा, तुमचा संगणक बिघडलाय.’

‘तू मांजर हो आणि चालून बघ.’

शाळेत फरश्या आहेत. ती खडूने जमिनीवर त्रिकोण काढून त्याच्या एका बाजूवरून चालत गेली. टोकाला पोचली. आता दुसऱ्या बाजूला तोंड करायचं. ती वळली, थोडी आणखी वळली, अजून वळली. जवळजवळ पाठमोरी झाली तेव्हा कुठे दुसरी रेघ नाकासमोर आली. ‘एवढं वळायला लागतं?’ असं ती स्वतःशीच म्हणाली आणि पळत यंत्रापाशी गेली. शंभर करून बघितलं, कमी पडलं. एकशे तीस, जास्त झालं. एकशे वीसला त्रिकोण मिटला. तिने माझ्याकडे न बघता शेजारणीला समजावलं, ‘साठ आतला असतो गं, मांजर बाहेरून वळतं.’ बाह्यकोन हा शब्द तिला अजून काही वर्षांनी भेटेल, तेव्हा ओळखीचा निघेल. नंतर तिने जे केलं ते मी सांगितलेलं नव्हतं. मघाचा बिघडलेला साठ अंशांचा जबडा तिने पुन्हा काढला आणि तीनच्या जागी सहा लिहिलं. कलंडलेल्या वाटीचा उरलेला अर्धा भाग उमटला आणि सुरेख षटकोन तयार झाला. मांजर फिरून मूळ जागी यायचं असेल तर एकूण तीनशे साठ अंश वळावंच लागतं. तिघांत वाटले तर एकशे वीस, सहांत वाटले तर साठ. हे मी फळ्यावर लिहिणार होतो, पण तोवर ती षटकोनांची फुलं काढू लागली होती आणि फळ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

‘तू मांजर हो’ हा मंत्र माझा नाही. तो सीमोर पेपर्ट यांचा, आणि त्यांच्याकडे मांजर नव्हतं, कासव होतं. पेपर्ट दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणिती. मुलं विचार कसा करतात याचा ध्यास घेतलेल्या ज्याँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काही वर्षं काम केलं, मग अमेरिकेत गेले. तिथे १९६७ साली वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या जोडीने त्यांनी ‘लोगो’ नावाची मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पुढे त्या भाषेने जमिनीवरून चालणारं, पोटाशी पेन असलेलं, तारेने संगणकाला जोडलेलं एक यांत्रिक कासव चालवलं जाऊ लागलं. त्या काळी संगणक कपाटाएवढे असत आणि त्यांच्यासमोर शास्त्रज्ञांनासुद्धा रांगेत उभं राहावं लागे. तिथे शाळकरी पोरांना बसवायचं, हे बोलणं वेडेपणाचं वाटलं नसेल तरच नवल. १९८० साली आलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी आपला सगळा विचार मांडला. त्याचा गाभा साधा आहे. शाळांत संगणक मुलाकडून उत्तरं घोकून घेतो, म्हणजे यंत्र मुलाला चालवतं. ते उलटं करा, मुलाला यंत्र चालवू द्या. आणि चूक झाली तर ‘चुकलं’ म्हणून खोडू नका, कुठे काय बिघडलं ते शोधून दुरुस्त करू द्या. दोन वेण्यांच्या मुलीने नेमकं हेच केलं. रेझनिक याच पेपर्ट यांच्या तालमीत तयार झालेले. कासवाचं मांजर झालं, तार गेली, विचार तोच राहिला.

तारेच्या जागी आता इंटरनेट आहे, तेव्हा जगभरातल्या मुलांचे खेळ उघडून बघता येतात. नुसते खेळून नाही, आत शिरून. कोणता ठोकळा कुठे लावलाय हे दिसतं आणि तो खेळ उचलून त्यात आपले बदल करता येतात. मूळ कोणी केला होता ते नाव आपोआप येतं. ज्या गोष्टीसाठी शाळेत बाकावर उभं करतात तीच इथे राजरोस चालते. मुख्याध्यापिकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेच्या दिवसात होतो तसा झाला.

पालकांचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे. प्रत्येक पिढीत एक गोष्ट अशी असते, की ती आली नाही तर पोरगं मागे पडणार. आमच्या वेळी टायपिंग होतं. कॉमर्सला गेलेल्या मुलाने इंग्रजी चाळीस आणि मराठी तीसची परीक्षा दिली नाही तर आईबाप तोंड लपवत. मग एमएस-सीआयटी आलं. मग अबॅकस, वैदिक गणित, फोनिक्स, आणि आता कोडिंग. २०२० मध्ये आलेल्या नव्या शैक्षणिक धोरणात कोडिंगचा उल्लेख सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आहे. लोकांनी तेवढी वाट बघितली नाही. टाळेबंदीत तर सहा वर्षांच्या मुलाने अ‍ॅप बनवलं आणि गुंतवणूकदार त्याच्या दाराशी मारामारी करतायत, अशा जाहिराती घरोघरी पोचल्या. एका जाहिरातीतल्या मुलाला कोट्यवधींची नोकरी लागली होती; ती रक्कम आणि त्याचं वय जाहिरातीगणिक बदलत असे. तो मुलगा मुळात नव्हताच, हे पुढे उघड झालं, आणि त्यातल्या काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. पण तोवर कितीतरी घरांत हप्ते सुरू झाले होते.

शाळेच्या फाटकात मला गाठणारे पालक तीन प्रश्न विचारतात. याचं सर्टिफिकेट मिळतं का? मिळत नाही. याने गणितात मार्क वाढतात का? मी सांगू शकत नाही, षटकोन मात्र चांगला येतो. तिसरा प्रश्न अलीकडचा आहे: आता कोड लिहायचं कामही यंत्रच करतं म्हणे, मग पोरांनी हे शिकून उपयोग काय? यावर मी त्यांना विचारतो, तुमची मुलगी चित्र काढते त्याचा उपयोग काय? पूर्वी या प्रश्नावर माणसं गप्प होत. हल्ली एक आई म्हणाल्या, ‘असं कसं, एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात!’ मी नमस्कार करून निघालो.

माझं मत विचाराल तर आठ वर्षांच्या मुलाला नोकरीसाठी काही शिकवू नये. त्याने मांजर उलटं चालवावं, त्याला माशाच्या पोटात घालावं, म्यावच्या जागी आजीच्या खोकल्याचा आवाज भरावा. (हे झालेलं आहे. आजींना ऐकवलंही आहे. त्यांनी तो खोकला शेजारच्या काकूंचा आहे असं सांगितलं.) यातून पुढे कोणी इंजिनिअर झालंच तर त्याचं खापर आमच्यावर फोडू नका.

तुमच्या घरात तिसरी-चौथीतलं कोणी असेल तर एवढं करा. स्क्रॅचला पैसे पडत नाहीत. ते ब्राउझरमध्ये उघडतं, खातं काढलं नाही तरी चालतं, आणि नेट आमच्या शाळेसारखं लहरी असेल तर एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. जुना लॅपटॉप काढा, पोराला बसवा, तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि माऊसला हात लावू नका. पैसे भरून एखादा क्लास लावायचाच असेल तर पोहण्याचा लावा. ते घरी शिकवता येत नाही.